सूक्ष्मदर्पण चिपने लेसर झोताला आकार देणे

सिलिकॉनच्या चिपवर ओळीने बसवलेल्या लाखो सूक्ष्म आरशांपैकी कोणता कोणत्या बाजूला कलवायचा हे संगणकाने ठरवून लेसर झोताची तीव्रता आणि कला (लहरीची अवस्था) यांना हवे ते रूप देण्याचे तंत्र. या चिपला प्रयोगशाळेत ‘डीएमडी’ (डिजिटल मायक्रोमिरर डिव्हाइस) म्हणतात. वर्गातल्या भिंतीवर चित्र पाडणाऱ्या डीएलपी प्रोजेक्टरात हीच चिप असते.

रचना : प्रयोगांत बरीच वापरली गेलेली एक चिप १०२४ × ७६८ आरशांची आहे. आरसे ॲल्युमिनियमचे व चौरस असून शेजारच्या दोन आरशांच्या केंद्रांत १३.६८ मायक्रोमीटर अंतर असते. प्रत्येक आरशाखाली स्मृतीचा एक कप्पा असतो. त्यात ० आहे की १, यानुसार आरसा स्थिरविद्युत ओढीने स्वतःच्या कर्णाभोवती १२ अंश एका किंवा दुसऱ्या बाजूला कलतो. चिप चालू असताना मधली स्थिती नाही. वेगवान नियंत्रक असल्यास चिपवरील आकृती सेकंदाला २०,००० हून अधिक वेळा बदलता येते. द्रवस्फटिकावर चालणारी साधने बहुधा ६० ते काही शे वेळांपर्यंत पोहोचतात.

उगम : या चिपचे जनकत्व टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे लॅरी हॉर्नबेक यांच्याकडे जाते, पण वर्षाबाबत लेखक एकमताने लिहीत नाहीत. काही जण १९७७ सालापासून सुरुवात धरतात. त्या सुमारास हॉर्नबेक यांनी हाती घेतलेले साधन ताणलेल्या पातळ पडद्याचे होते. विद्युतदाबाच्या प्रमाणात पडदा कमी-अधिक वाकत असे. दोनच स्थिती असणारा आरसा १९८७ मध्ये आला. त्याआधी, १९७५ च्या सुमारास, वेस्टिंगहाउसमधील नेथनसन व सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन झोताने हलणाऱ्या सूक्ष्म आरशांची नळी मांडली होती, हेही विसरता येत नाही. तरीही लेसर झोताच्या आकारणात जो गुण कामी येतो तो ‘इकडे किंवा तिकडे’ हाच असल्याने येथे १९८७ हे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. पहिले व्यापारी उत्पादन १९९० चे, विमानाची तिकिटे छापणाऱ्या यंत्रातले. प्रोजेक्टर १९९६ मध्ये बाजारात आले. हॉर्नबेक यांना २०१५ मध्ये ऑस्कर मिळाले ते चित्रपट-प्रक्षेपणातील योगदानाबद्दल.

तंत्राचा उगम मात्र चिपहून जुना आहे, आणि त्याचे श्रेय प्रकाशशास्त्रातल्या वेगळ्याच परंपरेला द्यावे लागते. केवळ काळ्या-पांढऱ्या आकृतीने प्रकाशाची कलाही ठरवता येते, हे ब्राउन आणि लोहमान यांनी १९६६ मध्ये दाखवले. संगणकाने मोठी आकृती रेखाटायची आणि छायाचित्राने ती लहान करायची, अशी तेव्हाची रीत होती. डब्ल्यू. एच. ली यांनी १९७४ व १९७९ मधील लेखांत ही पद्धत सुटसुटीत केली. आज चिपवर जे चालते ते बहुतांशी लींचेच गणित आहे.

ली पद्धत : आरशांवर समांतर पट्ट्यांचे जालक (समान अंतरावरील रेषांची जाळी) उमटवले की झोताचे विवर्तन होऊन, म्हणजे तो ठरावीक दिशांना फुटून, अनेक उपझोत मिळतात; त्यांना क्रम म्हणतात. भिंगाच्या नाभीतलात छिद्र ठेवून फक्त पहिला क्रम पुढे जाऊ देतात. पट्ट्या जाड-बारीक केल्या की त्या क्रमाची तीव्रता बदलते. पट्ट्या बाजूला सरकवल्या की कला बदलते. समजा, पट्ट्यांची नक्षी दर ८ आरशांनी पुन्हा येते. दोन आरशांनी सरकवले की कला पाव आवर्तनाने, म्हणजे ९० अंशांनी, पुढे जाते. आरसा स्वतः कलेला हातही लावत नाही, ती त्याच्या जागेतून येते; या तंत्राचे सारे सौंदर्य इथे आहे. ७८० नॅनोमीटर तरंगलांबी व २०० मिमी नाभ्यंतराचे भिंग घेतल्यास पहिला क्रम मधल्या ठिपक्यापासून १.४३ मिमीवर पडतो, छिद्र तेथे हवे. किंमत मोजावी लागते ती प्रकाशात: अशा जालकाच्या पहिल्या क्रमात आदर्श स्थितीतही १/π², म्हणजे सुमारे १० टक्केच प्रकाश जातो. २०१४ मध्ये नेदरलँड्समधील गोर्डेन, बर्टोलोटी व मोस्क यांनी ४ × ४ आरशांचा गट एक एकक मानणारी पद्धत सुचवली; तीत आकृतीचा बारकावा अधिक टिकतो.

तरंगलांबीची निवड : चिप स्वतःही एक जालकच आहे. प्रकाश चिपवर लंब पडला तर कललेले आरसे त्याला २४ अंशांवर परतवतात, पण प्रकाश जाऊ शकतो तो विवर्तनाच्या क्रमांच्याच दिशांनी. १३.६८ मायक्रोमीटरच्या चिपवर ७८० नॅनोमीटरचा पाचवा कर्णक्रम (आरशांच्या कर्णाच्या दिशेतला क्रम) २३.८ अंशांवर येतो, म्हणून बहुतेक प्रकाश एकाच ठिपक्यात एकवटतो. रुबिडियम अणूंचे प्रयोग याच तरंगलांबीवर चालतात, हा सुखद योगायोग. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर मात्र सातव्या (२२.६ अंश) आणि आठव्या (२६.१ अंश) क्रमांच्या मध्ये सापडून विखुरतो.

उपयोग : लेसर झोत स्वभावतः मध्ये तेजस्वी व कडेला मंद असतो. छपाईतल्या ठिपक्यांच्या धर्तीवर आरसे निवडून तो सपाट करता येतो. टेक्सास विद्यापीठातील गटाने २००९ मध्ये १.५ टक्के इतकाच चढउतार राहिल्याचे दाखवले. अतिशीत अणूंसाठी सपाट तळाचे सापळे, कोनीय संवेग (फिरवण्याची क्षमता) वाहणारे वलयाकार झोत, धुरकट माध्यमातून प्रकाश एका बिंदूवर आणणे, ही इतर कामे. हार्वर्डच्या गटाने २०१६ मध्ये चिपच्या निरनिराळ्या भागांवरून आलेल्या प्रकाशलहरींचे एकमेकींशी व्यतिकरण करवून (त्या एकमेकींत मिसळून) तिच्या पृष्ठाचा वाकडेपणा मोजला आणि आकृतीतच दुरुस्ती केली. अणूंच्या प्रयोगात एक पथ्य पाळावे लागते : काही नियंत्रक ठरावीक वेळाने आरसे क्षणभर मोकळे सोडतात आणि त्या लुकलुकीने अणू तापू शकतात.

खानदेशात : जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या (स्थापना १९९०) कक्षेत येतात. येथील बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याने वर्णपटमापीवर जालकाचा प्रयोग केलेला असतो, तेवढ्या तयारीवर या विषयात शिरता येते. स्वस्त लाल डायोड लेसर ६५० नॅनोमीटरचा असतो, आणि पाच गुणिले ७८० व सहा गुणिले ६५० दोन्ही ३,९०० च; म्हणून त्याचा सहावा क्रमही वरील चिपवर २३.८ अंशांवरच येतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्या दिवसांत खोलीचे तापमान स्थिर नसेल तर छिद्र व ठिपका यांची जुळणी सरकते. नाजूक मोजमापे हिवाळ्यात घेणे बरे. निकामी प्रोजेक्टरातली चिपही शिकवायला उपयोगी पडते, मात्र ती प्रोजेक्टरातून सोडवून घ्यावी आणि परतलेला झोत डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी. प्रोजेक्टराच्या मूळ नियंत्रकाचा झोत-आकारणाला उपयोग नाही, कारण तो छटा दाखवण्यासाठी आरसे सतत उघडमीट करत राहतो. वीज नसताना आरसे सपाट असतात; तेव्हा चिपवर जवळजवळ लंब दिशेने लाल लेसर टाकला तर पडद्यावर ठिपक्यांची चौकट उमटते. दोन मीटरवर मधला व शेजारचा ठिपका ९.५ सेंमी अंतरावर असतील तर चिप १३.६८ मायक्रोमीटरची, सुमारे १७ सेंमीवर असतील तर ७.५६ मायक्रोमीटरची.