दागिने तोलायला आणण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

आम्ही दागिन्यांचं मूल्यांकन करून लेखी अहवाल देतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : "याचे किती होतील?" प्रश्न रास्त आहे, पण तो आमच्या कामाचा निम्माच भाग. भाव रोज बदलतो. आज आम्ही लिहून दिलेला आकडा पुढच्या दिवाळीपर्यंत शिळा होतो. वस्तू कोणती, वजन किती, कस किती, घडण कशी आणि ती कुणाकडून कुणाकडे आली, हे मात्र एकदा नीट लिहून ठेवलं की पुढच्या पिढीलाही उपयोगी पडतं. म्हणून आमच्या अहवालात किमतीची एक ओळ असते आणि वर्णनाचं अख्खं पान.

हे आम्ही स्वतःच्या घरात शिकलो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. सांगलीत धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातलं आमचं घर सोडताना आईनं दागिन्यांचा डबा पोटाशी धरून नेला, पण दागिन्यांची वही लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहिली. आजीच्या पाटल्या कोणत्या, मोडून केलेल्या कोणत्या, मामानं दिलेली ठुशी कधीची, सगळं त्या वहीत होतं, सराफांच्या पावत्याही त्यातच खोचलेल्या. परत आलो तेव्हा वहीचा लगदा झाला होता. पुढे आई गेली आणि आम्ही भावंडं डबा उघडून बसलो, तेव्हा कुणालाच खात्रीनं काही सांगता येईना. भांडण झालं नाही, एवढंच आमचं नशीब.

लॉकरमध्ये आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत नुकसान झालं, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत असते. भाडं ३,००० असेल तर ३ लाख. पूर, भूकंप, वीज अशा नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा स्वतःचा हलगर्जीपणा नसेल तर, तेवढीही नाही. लॉकरमध्ये काय आहे हे बँकेला माहीत नसतं आणि ती विचारतही नाही. कृष्णाकाठच्या माणसानं याचा विचार करून दागिन्यांचा वेगळा विमा घ्यावा, आणि विमा कंपनी यादी मागेल हे धरून चालावं.

काम कसं चालतं

विट्याकडच्या एक आजी बोरमाळ घेऊन आल्या होत्या. घरात गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा, त्यामुळे सोनं त्यांना नवं नव्हतं. म्हणाल्या, "चार तोळ्यांची आहे." काटा म्हणाला ४६.६५० ग्रॅम. सोबतचा नातू चक्रावला, कारण त्याच्या हिशेबात चार तोळे म्हणजे ४० ग्रॅम. दोघंही बरोबर होते. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, बारा माशांचा, शहाण्णव गुंजांचा. आज बाजारात तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम. जुन्या चिठ्ठीत "तोळे" लिहिलं असेल तर ती चिठ्ठी कधीची ते आधी पाहावं लागतं.

पण ४६ ग्रॅम हे सगळं सोनं नव्हतं. बोरमाळेचे मणी आतून पोकळ असतात आणि चेपू नयेत म्हणून त्यांत लाख भरलेली असते. त्या माळेतला एक मणी फुटला होता, भिंगातून आतली तपकिरी लाख स्पष्ट दिसत होती. तो मणी वेगळा तोलला, लाखेचा अंदाज काढला, दोरा आणि गोंडा वजा केला. नेट सोनं ३१ ग्रॅमच्या आसपास निघालं. अहवालात आम्ही ग्रॉस (एकूण) आणि नेट (निव्वळ) दोन्ही वजनं लिहिली आणि नेटपुढे "अंदाजे, मणी न फोडता" असं स्पष्ट नोंदवलं. आजींना वाईट वाटलं, पण माळ फोडून नेमकं वजन काढण्यापेक्षा अख्खी माळ आणि प्रामाणिक अंदाज बरा, असं आमचं मत आहे.

कस पाहताना मशीन वस्तूचा फक्त वरचा थर वाचतं. मुलामा असेल तर फसगत होते. त्यामुळे आम्ही तीन-चार ठिकाणी रीडिंग घेतो आणि शंका आली तर कसोटीवर घासून पाहतो. जिथे डाग देऊन सांधा जोडलाय तिथे कस कमीच दिसतो, त्यावरून अख्खा दागिना हिणकस ठरवायचा नसतो. नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा ओळख क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात त्याशिवायचा हॉलमार्क चालत नाही. घरातल्या जुन्या दागिन्यांवर तो नसेल तर काही बिघडत नाही.

एकाच पाटलीच्या दोन किमती निघू शकतात. करासाठी किंवा वाटणीसाठी खुल्या बाजारात विकली तर काय येईल ते पाहतात, तिथे घडणावळ धरत नाहीत. विम्यासाठी तशीच पाटली नव्यानं करायला काय लागेल ते पाहतात, त्यात घडणावळ आणि जीएसटी दोन्ही येतात. म्हणून अहवाल कशासाठी हवा हे आम्हाला आधी सांगा. विम्यासाठी केलेला कागद वाटणीत दाखवला की कुणावर तरी अन्याय होतो.

कराचं

वारसाहक्कानं किंवा मृत्युपत्रानं आलेल्या दागिन्यांवर मिळताना कर लागत नाही. संपत्ती करही २०१६ पासून उरलेला नाही. कर येतो तो विकताना. घरातला सोफा, फ्रीज, स्कूटर विकली तर भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही, कारण त्या वापरातल्या वस्तू. दागिने, चित्रं, शिल्पं आणि पुराणवस्तूंचे संग्रह यांना मात्र कायदा भांडवली मालमत्ता मानतो. आणि सराफाकडे मोड देऊन नवा दागिना घेणं हेही कायद्याच्या नजरेत हस्तांतरणच, हे पुष्कळांना माहीत नसतं.

दागिना २४ महिन्यांहून जास्त काळ कुटुंबात असेल, तर २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर नफ्याच्या साडेबारा टक्के कर आहे. महागाईची वजावट सोन्याला आता मिळत नाही. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या दागिन्याला त्या दिवशीची बाजारभावाची किंमत खरेदी किंमत म्हणून धरता येते, आणि त्यासाठीच लोक आमच्याकडे अहवाल मागतात.

इथे आम्ही तुम्हाला खरं ते सांगतो. समजा, आजीच्या ५० ग्रॅमच्या, २२ कॅरेटच्या पाटल्या ५ लाखांना विकल्या. २००१ मध्ये शुद्ध सोनं दहा ग्रॅमला चार हजारांच्या थोडं वर होतं, म्हणजे त्या पाटल्यांची तेव्हाची किंमत एकोणीस हजारांच्या घरात. ती वजा केल्यानं कर फक्त अडीच हजारांच्या आसपास वाचतो. एवढ्यासाठीच अहवाल करायचा असेल तर आधी तुमच्या सीएंना विचारा. फी देऊन हाती काही उरत नसेल, तर आम्हीच तुम्हाला परत पाठवू. २००१ नंतर घेतलेल्या दागिन्यांची पावती मात्र जिवापाड जपा, तिथे फरक मोठा पडतो. आणि दागिने विकून घर बांधत असाल तर त्या नफ्यावर अटींसह सूट मिळू शकते, हे विक्रीच्या आधी विचारा, नंतर नाही. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्यानं जुन्या कागदांवरचे कलमांचे आकडे आता जुळणार नाहीत.

विवाहितेला ५०० ग्रॅम, अविवाहितेला २५० आणि पुरुषाला १०० ग्रॅमच सोनं ठेवता येतं, अशी समजूत घरोघरी आहे. ते आकडे आयकर खात्याच्या ११ मे १९९४ च्या सूचनेतले आहेत आणि धाडीच्या वेळी किती दागिने जप्त करू नयेत यासाठी आहेत. सोनं कुठून आलं हे दाखवता येत असेल, तर बाळगण्यावर मर्यादा नाही.

आईचे दागिने

"आईचं सोनं लेकींचं" ही आपल्याकडची रीत. कायदा तसं म्हणत नाही. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या दागिन्यांवर मुलगे, मुली आणि पती यांचा सारखा हक्क असतो. लेकीला काही द्यायचं मनात असेल तर मृत्युपत्र करा, आणि त्यात "माझे सर्व दागिने" असं मोघम न लिहिता एकेका नगाचं वर्णन घाला. आमच्या अहवालातलं वर्णन जसंच्या तसं उतरवून घेतलं तरी चालतं, फक्त वकिलांना दाखवून घ्या.

लग्नात मिळालेल्या वस्तूंची यादी करावी, असा नियमच १९८५ पासून आहे : वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं, खाली वधूवरांची सही. रुखवत मांडायला जेवढा वेळ देतो त्याच्या पाव वेळात ती यादी होते. स्त्रीधन स्त्रीचं स्वतःचं असतं, सासरी ठेवायला दिलं तरीही. पण वेळ आली तर ते काय होतं हे तिलाच दाखवावं लागतं, आणि तेव्हा तिच्या हाताशी एक फोटोसुद्धा नसतो. असे दावे आम्ही जवळून पाहिलेत. लेकीच्या लग्नात ही यादी कराच.

सोन्याखेरीज

राजाचे चांदीचे रुपये सरसकट एका भावानं देऊ नका. १९४० च्या आधीच्या रुपयात साडेएक्क्याण्णव टक्क्यांहून जास्त चांदी असते, नंतरच्यात निम्मी, आणि १९४७ च्या रुपयात चांदी नाहीच. चिंच, राख, पॉलिश लावून ते चकचकीतही करू नका, संग्राहकाच्या लेखी त्यानं किंमत उतरते. मिरजेचा जुना तंबोरा असेल तर भोपळा तडकलेला असला तरी दुरुस्त न करता आणा. कारागिराची खूण असेल तिथे हात लावू नका. शंभर वर्षांवरच्या मूर्ती आणि चित्रं, पंचाहत्तर वर्षांवरची हस्तलिखितं १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यात येतात. त्यांतल्या काहींची नोंदणी सक्तीची आहे आणि यांतली कोणतीही वस्तू खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही. चित्रं आणि मूर्तींचं मूल्यांकन आम्ही स्वतः करत नाही, जाणकाराकडे पाठवतो.

येताना

ओळखपत्र, पॅन, असतील त्या पावत्या, आणि दागिना घातलेला लग्नातला जुना फोटो आणा. त्या फोटोचा उपयोग तुम्हाला वाटतो त्याहून जास्त होतो. कोर्टासाठी किंवा करासाठी अहवाल हवा असेल तर मूल्यांकनकार नोंदणीकृत आहे का हे विचारा, आम्हालाही विचारा. कोर्टात आमची उलटतपासणी होऊ शकते, म्हणून डोळ्यांनी न पाहिलेली वस्तू आम्ही कधीच लिहीत नाही, मग फोन कितीही ओळखीचा असो. आम्ही दागिने विकत घेत नाही. जो विकत घेणार त्याच्याकडूनच किंमत ठरवून घेऊ नका. फी नगावर असते आणि काटा हलण्याआधी सांगितली जाते.

तोलताना समोर बसा, प्रत्येक वजन स्वतः वाचा. अहवालाच्या दोन प्रती देतो. एक घरी वरच्या मजल्यावर ठेवा, दुसरी परगावच्या नातेवाइकाकडे, आणि दोन्हींचा फोटो मोबाइलमध्ये. जुलै उजाडण्याआधी एवढं करून ठेवा.