उद्योगाचा मनोदय (ग्रामीण विदर्भ)

स्वतःचा धंदा सुरू करायचाच, असा मनाशी झालेला पक्का विचार म्हणजे उद्योगाचा मनोदय. दुकान, गिरणी किंवा कारखाना उभा राहण्याच्या आधीची ही पायरी. मानसशास्त्रज्ञ इसेक आयझेन यांच्या नियोजित वर्तनाच्या सिद्धान्तानुसार (१९९१) मनोदय तीन गोष्टींवर ठरतो : त्या कामाबद्दल स्वतःला काय वाटते, जवळच्या माणसांची अपेक्षा काय आहे आणि हे आपल्याला जमेल असा विश्वास किती आहे. ग्रामीण विदर्भात यांतली दुसरी गोष्ट सगळ्यांत जड पडते.

तिचे वजन बोलण्यातूनच कळते. ‘पोरगा कुठं लागला?’ या प्रश्नातले ‘लागणे’ फक्त नोकरीचे असते. दुकान ‘टाकतात’, आणि तेही बहुधा ‘कुठं लागला नाही म्हणून’. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही जुनी उतरंड आता पुरती उलटली आहे. त्यासाठी तरुणांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. बहुतांश शेती कोरडवाहू. कापसाचा पैसा वर्षातून एकदा, तोही भावाच्या भरवशावर. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने तोही हिरावला. असा अनिश्चितपणा घरात पाहिलेल्या मुलाला एक तारखेचा पगार मोठा वाटणारच. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावणारी मुले मेहनतीला कमी नाहीत. लग्नाच्या बोलणीतही नोकरीवाल्याला पहिली पसंती असते.

‘जमेल का?’ या शंकेमागेही समाजरचना आहे. बाजारपेठेतली अडत, जिनिंग, सराफी पिढ्यान्पिढ्या ठरावीक समाजांच्या हाती राहिली. ज्या घरात कोणी गल्ल्यावर बसलेलेच नाही, तिथे व्यापार हे ‘आपलं काम नव्हे’ असे मूल लहानपणीच शिकते. दलित व आदिवासी तरुणांना भांडवल आणि गिऱ्हाईक दोन्हींसाठी जास्त झगडावे लागते. मग उधारी. गावात किराणा टाकला की गिऱ्हाईक म्हणजे काका, मामा, शेजारी. ‘कापूस निघाला की देतो’ म्हणणाऱ्याला नाही म्हटले तर नाते तुटते, हो म्हटले तर भांडवल अडकते. उधारीची वही फुगते आणि दुकान बसते. ते पाहिलेला पुढचा मुलगा मनोदयच करत नाही.

प्रेरणेच्या बाजूने अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्‌क्लेलंड यांचे काम महत्त्वाचे. १९६४ मध्ये आंध्रातील काकिनाडा येथे त्यांनी व्यावसायिकांना सिद्धिप्रेरणेचे, म्हणजे काही करून दाखवण्याच्या ओढीचे, प्रशिक्षण दिले. पारंपरिक समजुती आड येत नाहीत, प्रेरणा शिकवून वाढवता येते, असा त्यांचा निष्कर्ष होता. उद्योजकता प्रशिक्षणांचा पाया हाच. विदर्भापुरता तो अर्धाच लागू पडतो, असे म्हणावे लागते : शिबिरात पेटलेला उत्साह घरी ‘चार लोक काय म्हणतील’ यापुढे विझतो.

स्त्रियांच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी दाल मिल अनेक बचत गटांनी घेतली. तुरीचे टरफल ओरखडायचे, तेल चोळायचे, उन्हात वाळवायची, मग भरडायची, चुनी ढोरांना. तुरीची डाळ घरी करणे बायांना आईकडूनच ठाऊक असते, त्यामुळे ‘जमेल’ हा विश्वास आधीपासून तयार असतो. अडते ते घराबाहेर पडण्याशी. एकटी सून बाजारात डाळ विकायला निघाली तर बोलणी खाते. ‘गटाचं काम आहे’ म्हटले की सासूही अडवत नाही. गट कर्जाची सोय करतो हे खरेच, पण त्याने दिलेली ही मोकळीक जास्त मोलाची आहे.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावरचा साऱ्या गावाचा एकत्रित हक्क, मिळवले आणि पुढे ग्रामसभेने बांबूची विक्री स्वतः हाती घेतली. इथे निर्णय सर्वसहमतीने होतात. मनोदय मोजणाऱ्या प्रश्नावल्या मात्र एकेकट्या माणसाला विचारतात : ‘येत्या काही वर्षांत तुम्ही व्यवसाय सुरू कराल का?’ तिथला माणूस कदाचित ‘नाही’ म्हणेल, आणि त्याच दिवशी ग्रामसभेत बांबूच्या भावावर तासभर बोलेल.