दहा मेगाहर्ट्‌झ, जवळजवळ

रेडिओचे हौशी लोक एडी९८५० ही चिप ओळखतात. तिला १२५ मेगाहर्ट्‌झचे क्लॉक, म्हणजे सेकंदाला साडेबारा कोटी ठोके देणारा सिग्नल, दिले की हवी ती वारंवारता काढून देते, आणि तीही ०.०२९ हर्ट्‌झच्या पायऱ्यांनी. एवढी बारकाई पाहून कुणालाही वाटेल, यावर घड्याळ चालवायला काय हरकत आहे? हरकत आहे, आणि ती चिपच्या दर्जात नाही, अंकगणितात आहे.

या पद्धतीला डायरेक्ट डिजिटल सिंथेसिस, थोडक्यात डीडीएस म्हणतात. १९७१ साली टियर्नी, रेडर आणि गोल्ड यांच्या शोधनिबंधातून ती पुढे आली. चिपच्या पोटात ३२ बिटांचा एक ॲक्युम्युलेटर, म्हणजे बेरीज साठवणारा कप्पा, असतो. क्लॉकच्या दर ठोक्याला त्यात एक ठरावीक आकडा मिळवायचा. बेरीज ४,२९,४९,६७,२९६ च्या (२ चा ३२ वा घात) वर गेली की तेवढे वजा होतात आणि बाकी पुढच्या फेरीत जाते. एक फेरी म्हणजे लहरीचे एक आवर्तन. बेरीज पाहून तक्त्यातून साइन लहरीची उंची वाचायची, तिचे व्होल्टेज करायचे, फिल्टरमधून काढायचे. वारंवारता बदलायची तर फक्त मिळवायचा आकडा बदलायचा.

आता १० मेगाहर्ट्‌झ मागू. हिशेबाने आकडा येतो ३४,३५,९७,३८३.६८. चिपला अपूर्णांक कळत नाही, म्हणून ३८४ वर संपणारा पूर्णांक द्यायचा. चूक फक्त ०.००९३ हर्ट्‌झची. ऐकू येणार नाही, रेडिओला जाणवणारही नाही. पण घड्याळ ठोके मोजत जाते, आणि ही चूक नेहमी एकाच दिशेची असल्यामुळे साचत राहते. दिवसाअखेर घड्याळ सुमारे ८० मायक्रोसेकंद पुढे गेलेले असते. सापेक्षतेमुळे जीपीएस उपग्रहांवरची घड्याळे दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ती दुरुस्ती आधीच करून ठेवावी लागते. इथे आइन्स्टाइनपेक्षा दुप्पट गोंधळ एका पूर्णांकाने घातला! मूळ क्लॉक सीझियमच्या अणुघड्याळाला जोडलेले असले तरी ही चूक तेवढीच राहते.

उपाय आहेत. पंचांगात अधिक मास घालून चांद्रवर्ष सौरवर्षाशी जुळते ठेवतात, तसे दोन आकडे आलटून पालटून वापरता येतात: १०० पैकी ६८ वेळा मोठा, ३२ वेळा लहान. सरासरी बरोबर येते, पण मधल्या काळात लहर मागेपुढे डुलते आणि सिग्नलमध्ये नको त्या वारंवारता उगवतात. ४८ बिटांची चिप घेतली तर चूक दिवसाला २ नॅनोसेकंदांच्या आत येते. बहुतेकांना तेवढे पुरते. मला पटणारा मार्ग मात्र तिसरा. १० आणि १२५ चे गुणोत्तर २/२५ आहे, तर ॲक्युम्युलेटर २५ वरच का फिरवू नये? अशी मुभा देणाऱ्या चिपा आहेत, आणि त्यात बाकी उरतच नाही.

साचणारी चूक मिटली तरी ठोक्याची कड, म्हणजे ठोका सुरू होण्याचा नेमका क्षण, कुठे पडते हा प्रश्न राहतो. १० मेगाहर्ट्‌झचे एक आवर्तन क्लॉकच्या साडेबारा ठोक्यांचे. ॲक्युम्युलेटरचा सर्वांत वरचा बिट थेट चौकोनी लहर म्हणून वापरला, तर एक आवर्तन ९६ नॅनोसेकंदांचे आणि पुढचे १०४ चे येते, कारण अर्धा ठोका देता येत नाही. म्हणून साइन लहर बनवून, गाळून, मग कंपॅरेटरने (लहर शून्य ओलांडते तो क्षण पकडणाऱ्या सर्किटने) तिची कड काढतात. १० मेगाहर्ट्‌झला हे छान चालते: १ व्होल्ट उंचीच्या लहरीत १ मिलिव्होल्ट गोंगाट असला तर कड जेमतेम १६ पिकोसेकंद हलते.

हाच प्रयोग सेकंदाला एक ठोका काढण्यासाठी केला तर? १ हर्ट्‌झची साइन लहर शून्य इतक्या सावकाश ओलांडते की त्याच १ मिलिव्होल्टने कड १६० मायक्रोसेकंद सरकते. त्यामुळे सेकंदाचा ठोका हवा असेल तर डीडीएसच्या वाटेला जाऊच नये. १० मेगाहर्ट्‌झला साध्या काउंटरने एक कोटीने भागावे.

डीडीएस शोभते ती वेगळ्या जागी. रुबिडियमच्या अणुघड्याळात सिग्नल अणूच्या वारंवारतेशी जुळवावा लागतो. ती सुमारे ६,८३,४६,८२,६११ हर्ट्‌झ आहे, आणि १० मेगाहर्ट्‌झपासून तिथे पोहोचायला साधा गुणाकार-भागाकार पुरत नाही. अशा घड्याळात वरचा आडनिडा भाग डीडीएसने भरता येतो. उरलेली चूक ठरलेली आणि आधीच माहीत असते, म्हणून ती जुळवणीच्या वेळी अणूभोवतीचे चुंबकीय क्षेत्र किंचित बदलून भरून काढता येते.