सपाट पाऊल आणि अंगठ्याचा रहाट

ओल्या पायाने फरशीवर उभं राहायचं, उमटलेला ठसा बघायचा आणि मधला भाग भरलेला दिसला की 'पाय सपाट आहे, म्हणजे दोष आहे' असा निकाल देऊन टाकायचा. ही घरगुती परीक्षा फार लोकप्रिय आहे. पण ठशावरून कळते ती फक्त उभं असतानाची कमान. चालताना पाऊल काय करतं हे त्यात उमटत नाही, आणि खरं विज्ञान तर तिथेच आहे.

एका पावलात 26 हाडं आणि 33 सांधे असतात. इतके तुकडे लागतात, कारण पावलाला एकमेकांच्या अगदी विरुद्ध अशी दोन कामं करायची असतात. टाच टेकते तेव्हा ते सैल हवं, म्हणजे धक्का पचतो आणि जमीन उंचसखल असली तरी तळवा तिच्यावर नीट बसतो. अर्धा सेकंदही जात नाही तोच टाच उचलते. आता तेच पाऊल ताठ व्हायला हवं, नाहीतर पोटरीने लावलेला जोर मधल्या सांध्यांतच जिरून जाईल.

हा बदल घडवणारी रचना मला शरीरातल्या सर्वात देखण्या रचनांपैकी एक वाटते. टाचेच्या हाडाखालून प्लांटर फॅशिया नावाचा एक चिवट पट्टा निघतो आणि तळव्यातून पुढे जाऊन पाचही बोटांच्या मुळाशी गुंततो. तो स्नायूसारखा आखडत नाही, फारसा ताणलाही जात नाही. टाच उचलताना बोटं वर वाकतात आणि हा पट्टा चवड्यातल्या हाडांच्या गोल डोक्यांवर रहाटाच्या दोरासारखा गुंडाळला जातो. लांबी कमी पडल्यामुळे टाच आणि चवडा एकमेकांकडे ओढले जातात, कमान उंचावते, पाऊल ताठ होतं. जे. एच. हिक्स यांनी 1954 साली हे मांडलं. पडताळायचं असेल तर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा आणि कुणाला तरी तुमचा अंगठा वर उचलायला सांगा. कमान वर येईल आणि नडगीही किंचित बाहेरच्या बाजूला फिरेल.

नडगी का फिरते? टाचेच्या हाडावर टॅलस नावाचं हाड बसलेलं असतं. त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. या दोन हाडांमधल्या सांध्याचा अक्ष जमिनीशी सरासरी 42 अंशांनी वर आणि पावलाच्या मध्यरेषेपासून 16 अंशांनी आत झुकलेला असतो. अक्ष असा तिरका असल्याने पाऊल आत कललं की नडगी आत वळते, बाहेर कललं की बाहेर. पावलातला बिघाड गुडघ्यापर्यंत पोहोचू शकतो तो याच वाटेने.

काही पावलं टाच उचलायची वेळ आली तरी आत कललेलीच राहतात. मग आतल्या घोट्यामागून कमानीकडे जाणाऱ्या टिबियालिस पोस्टिरियर स्नायूच्या कंडरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या चिवट दोरीवर, जादा ताण येतो. ती झिजली की कमान खचते, आणि मागून पाहिलं तर त्या पायाची जास्त बोटं बाहेरच्या बाजूला डोकावतात. मोठ्या वयात एकाच पायाची कमान अशी बसू लागली आणि त्या एका पायावर टाच उचलता येईना, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये. अंगठा दुसऱ्या बोटाकडे झुकला असेल तर रहाट नीट चालत नाही, भार शेजारच्या बोटांखाली सरकतो आणि तिथे घट्टे पडतात. फार उंच कमानीचं पाऊल मुळातच ताठ असतं, त्यामुळे त्याला धक्का पचवता येत नाही.

पावलाचं रंगीत स्कॅन काढून महागडे सोल गळ्यात मारणाऱ्यांपासून मात्र सावध राहा. अमेरिकी सैन्यदलांत ठशाच्या आकारानुसार बूट वाटून चाचण्या झाल्या, तेव्हा दुखापतींच्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही. न दुखणाऱ्या लवचिक सपाट पावलाला उपचार लागत नाहीत. लहान मुलांची पावलं तर सपाटच असतात आणि कमान पहिल्या दहाएक वर्षांत हळूहळू घडते. मुलाला चवड्यांवर उभं करा. कमान दिसली तर पाऊल लवचिक आहे. तेव्हाही दिसली नाही, पाऊल कडक लागलं आणि दुखत असेल, तर दोन हाडं जन्मतःच जोडलेली असण्याची शक्यता असते, आणि तिथे एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करावा लागतो.