मशीनची गोधडी टिकत नाही?

"मशीनची गोधडी दोन पावसाळ्यांत उसवते, हातचीच खरी" हे अर्धवट आहे. हाताचा धावदोरा एकेरी. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालच्या बॉबिनचा (छोट्या रिळाचा) असे दोन दोरे थरांमध्ये एकमेकांत अडकतात, म्हणजे शिवण उलट पक्कीच. फाटतं ते कापड. विरलेल्या जुन्या लुगड्यावर बारीक टीप मारली की सुईच्या भोकांची रांग पडते आणि तिथूनच ते चिरतं. तिथे हातच हवा. नव्या सुती कापडाला मशीन झकास: १६ किंवा १८ नंबरची सुई, ३ ते ४ मिलिमीटरचा टाका. आधी मधून कडेकडे कच्चे टाके घाला. नाहीतर मशीनचे कापड सरकवणारे दाते खालचा थर ओढतात, वरून दाबणारा मशीनचा पाय वरचा अडवतो आणि चुण्या पडतात. (दोरा फार ओढला तर हातशिलाईतही पडतातच.)