धडधड थांबली म्हणजे गोळ्या थांबवायच्या?

‘ठोके ताळ्यावर आले, आता कशाला गोळ्या?’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. एट्रियल फिब्रिलेशनच्या बाबतीत तो चक्क धोकादायक आहे.

या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. रक्त साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली की पक्षाघात. गंमत अशी (गंमत कसली म्हणा!) की ही थरथर अनेकदा जाणवतच नाही. म्हणजे धडधड नाही याचा अर्थ विकार गेला, असं नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अफर्म’ या ४०६० रुग्णांच्या अभ्यासात बहुतेक पक्षाघात वॉरफरिन ही गुठळीविरोधी गोळी बंद केलेल्या किंवा तिचा परिणाम अपुरा असलेल्या रुग्णांना झाले. ठोके नियमित ठेवण्याची औषधं घेणारेही त्यात होते. गुठळीविरोधी गोळी किती काळ घ्यायची हे वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवरून ठरतं. आज बरं वाटतंय यावरून नाही.

दुष्परिणामांची तक्रार मात्र खरी असते, ती कुणी उडवून लावू नये. ठोके मंदावणाऱ्या बीटा ब्लॉकर औषधाने थकवा येतो, पण ते एकदम सोडलं तर ठोके उसळतात. ठोके नियमित ठेवणाऱ्या अमिओडॅरोनमध्ये आयोडीन असतं म्हणून थायरॉइडच्या, आणि ते यकृतालाही बाधू शकतं म्हणून यकृताच्या तपासण्या ठरावीक काळाने लागतात. नवा कोरडा खोकला किंवा धाप लागली तर लगेच डॉक्टरांना सांगा, कारण हे औषध फुप्फुसांनाही बाधू शकतं. मात्रा कमी करणं, औषध बदलणं, अब्लेशन (ठोके बिघडवणारा हृदयाचा छोटा भाग नळीवाटे निकामी करणं) असे मार्ग असतात.