अ‍ॅव्हगॅसचं १०० आणि पंपावरचं १००

बारामतीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकाचं सेसना उठलं की खाली नजर पोचेल तिथवर ऊस दिसतो. याच उसाच्या मळीतून आणि रसातून इथेनॉल निघतं आणि गाड्यांच्या पेट्रोलमध्ये जातं. सेसनाच्या पंखातल्या टाकीत मात्र या पेट्रोलला जागा नाही. तिथे लागतं अ‍ॅव्हगॅस १०० एलएल, म्हणजे निळा रंग दिलेलं, शिसं घातलेलं पेट्रोल. पूर्वी आपण ते बाहेरून आणायचो. २०२२ पासून इंडियन ऑइलची वडोदऱ्याची रिफायनरी ते बनवते.

‘काही पंपांवर १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं, तेच भरा की!’ असं सुचवणारे बरेच भेटतात आणि बहुधा ते गाड्यांमधले चांगले जाणकार असतात. गफलत होते ती आकड्यात. ऑक्टेनचा आकडा सांगतो की इंधन नॉकिंग, म्हणजे इंजिनात अवेळी आपोआप भडकणं, किती टाळतं. पंपावरचा आकडा ‘आरओएन’चा (रिसर्च ऑक्टेन नंबर) असतो. त्या चाचणीत इंजिन ६०० आरपीएमवर, तसं निवांत चालवतात. अ‍ॅव्हगॅसचा आकडा ‘एमओएन’च्या (मोटर ऑक्टेन नंबर) जवळचा. तिथे इंजिन ९०० आरपीएमवर असतं आणि आत जाणारं हवा-इंधनाचं मिश्रण जवळपास १५० अंशांपर्यंत तापवलेलं असतं. पंपावर ९५ दिसणारं पेट्रोल या कडक चाचणीत साधारण ८५ वर येतं. अ‍ॅव्हगॅस त्याच कडक मापाने १०० च्या घरात असतं आणि मिश्रण रिच (जास्त इंधनाचं) असलं तर १३०.

हा फरक कागदावरचा नाही. विमानाचं इंजिन हवेने थंड होतं आणि तासन्‌तास ६५-७५ टक्के ताकदीवर चालतं. गाडीत नॉकिंग सुरू झालं तर सेन्सर ते ओळखतो आणि ठिणगी मागे सरकवतो. विमानात ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचं टायमिंग मात्र ठरलेलं, ते हलत नाही. नॉकिंग होत राहिलं तर पिस्टन जळतो, आणि पंख्याच्या आवाजात ते वैमानिकाला ऐकूही येत नाही.

अ‍ॅव्हगॅसला एवढं ऑक्टेन मिळतं ते टेट्राइथाइल लेडमुळे. ‘लो लेड’ हे नाव जुन्या हिरव्या १००/१३० च्या तुलनेत पडलं. आजही लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असतं. ते जळाल्यावर आत साचू नये म्हणून सोबत ब्रोमिनचं एक संयुग असतं, पण ते काम करतं इंजिन पुरेसं तापलं तरच. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेताना, रांगेत उभं असताना, रिच मिश्रणावर इंजिन थंड राहतं आणि खालच्या स्पार्क प्लगांत शिशाचे करडे मणी बसतात. मग मॅग्नेटो तपासताना आरपीएम नको तितका पडतो आणि विमान थरथरतं. जमिनीवर मिश्रण नीट लीन (कमी इंधनाचं) ठेवलं तर हा त्रास बराच कमी होतो. त्याउपर टीसीपी नावाचं अ‍ॅडिटिव्ह आहे. ते शिशाचं फॉस्फेट करतं, आणि हे फॉस्फेट प्लगवर वीज गळू देत नाही. टीसीपी स्वतः विषारी आहे, हातमोजे घालूनच मोजावं.

सगळ्यात जास्त कुचंबणा होते जुन्या, कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनांची. साठ-सत्तरच्या दशकातल्या सेसना १७२ मधलं १५० अश्वशक्तीचं लायकमिंग कंपनीचं इंजिन ८०/८७ दर्जाच्या इंधनासाठी बनलं होतं. त्यात शिसं लिटरला जेमतेम ०.१४ ग्रॅम. आज त्याला चौपट शिसं पचवावं लागतं. म्हणूनच अमेरिकेत अशा इंजिनांसाठी गाडीच्या पेट्रोलची परवानगी काढली गेली. सेसना १५० साठी पहिली मिळाली १९८२ मध्ये. अट ठाम होती: त्यात इथेनॉल नको.

इथेनॉल पाणी ओढून घेतं. जमिनीवर ते पाणी विरघळलेलं असतं, वर थंडीत ते इथेनॉलला घेऊन तळाशी उतरतं आणि वर उरतं कमी ऑक्टेनचं पेट्रोल. जुन्या रबरी सील, कॉर्कची गॅस्केटं, टाकीचं सीलंट, फायबरग्लासच्या टाक्या यांना ते मऊ करतं. शिवाय गाडीचं पेट्रोल लवकर वाफ धरतं. विदर्भातल्या मे महिन्यात ४५ अंशांवर उभ्या विमानाच्या नळ्यांत वाफ अडकली तर टेकऑफच्या वेळीच इंधन तुटतं. अ‍ॅव्हगॅसच्या बाष्पदाबाला ४९ किलोपास्कलची मर्यादा याचसाठी आहे.

मायक्रोलाइटचं, म्हणजे अगदी हलक्या छोट्या विमानाचं, रोटॅक्स ९१२ हे इंजिन मात्र उलट्या स्वभावाचं. त्याला शिसं नकोच असतं, कारण इंजिन आणि गिअरबॉक्सचं तेल एकच. अ‍ॅव्हगॅसवर जास्त चालवलं तर तेल लवकर बदलावं लागतं. गाडीचं पेट्रोल त्याला छान मानवतं, पण कंपनीची इथेनॉलची मर्यादा १० टक्के आहे आणि आपल्या पंपांवर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. ही अडचण खरी आहे आणि ‘थोडं जास्त चालतंय’ म्हणून ती सुटत नाही.

अ‍ॅडिटिव्हमध्येही असाच घोटाळा होतो. काही विमानांच्या मॅन्युअलमध्ये बर्फ होऊ नये म्हणून १ टक्क्यापर्यंत आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं असं लिहिलेलं असतं. त्यावरून ‘अल्कोहोल चालतं’ असा अर्थ काढू नका. रसायन वेगळं, प्रमाण वेगळं. लायकमिंगचं एलडब्ल्यू-१६७०२ हे अ‍ॅडिटिव्ह तर तेलात घालायचं, इंधनात नाही. आणि गाड्यांच्या दुकानातला ऑक्टेन बूस्टर कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही, म्हणून तो टाकीतही नाही.

शिसं तर गेलंच पाहिजे, पण घाई महागात पडते. नॉर्थ डकोटा विद्यापीठाने २०२३ मध्ये आपली विमानं बिनशिशाच्या ९४ ऑक्टेन इंधनावर नेली. काही महिन्यांतच एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका झिजताना दिसल्या आणि ते १०० एलएलवर परतले.

कॅनमधल्या पेट्रोलबद्दल शंका असेल तर खुणा असलेली काचेची नळी घ्या. १० च्या खुणेपर्यंत पाणी, वर १०० पर्यंत ते पेट्रोल. बूच लावून जोरात हलवा आणि थोडा वेळ उभी ठेवा. पाण्याची रेघ १० वरच राहिली तर इथेनॉल नाही. ती वर चढली तर इथेनॉल पाण्यात उतरलं आहे. तो कॅन गाडीसाठी ठेवा.